बिनचावीचं कुलूप घेताय? आधी दरवाजा मोजा

डिजिटल लॉक घेणारे बहुतेक जण उलट्या टोकाने सुरुवात करतात. आधी ॲप आवडतं, मग बोट टेकवल्यावर कुलूप किती झटकन उघडतं ते बघून पैसे भरले जातात. सुतार घरी आल्यावर कळतं की दरवाजाची जाडी पुरत नाही किंवा बाहेरचं हँडल सेफ्टी डोअरला, म्हणजे बाहेरच्या जाळीच्या दाराला, अडतंय. शिवाय घरफोडीची बातमी कुठलीही काढा, त्यात ‘कडीकोयंडा उचकटून’ असंच लिहिलेलं असतं. चोर सहसा पासवर्ड फोडत बसत नाही, कटावणी लावतो. म्हणून या लेखाचा क्रम दुकानातल्या क्रमापेक्षा वेगळा आहे: आधी दार आणि चौकट, मग कुलपाची लोखंडी बाजू, त्यानंतर अडकलात तर आत शिरायची सोय, आणि सगळ्यात शेवटी फिंगरप्रिंट आणि ॲप.

मोजमाप

मेजर टेप, कागद आणि फोनचा कॅमेरा एवढं पुरतं. सगळी मापं मिलिमीटरमध्ये घ्या. सुतार इंच-सुतात बोलेल (एक सूत म्हणजे साधारण ३ मिमी), पण कुलपाच्या कागदावर मिलिमीटरच असतात.

पहिलं माप दाराच्या जाडीचं. फ्लश डोअर साधारण ३० ते ३५ मिमी जाड असतं. दोन्ही बाजूंना लॅमिनेट असेल तर त्यात दोनेक मिमीची भर पडते. दाराच्या आत खाच पाडून बसणाऱ्या, म्हणजे मॉर्टिस प्रकारच्या, अनेक डिजिटल लॉकना किमान ३५ ते ४० मिमी जाडी लागते. दार ३० मिमीचं असेल आणि सुतार ‘करून देतो’ म्हणाला, तर खाचेच्या दोन्ही बाजूंना पाच-सहा मिमी लाकूड उरेल आणि लाथेच्या पहिल्याच दणक्याला दार तिथूनच फाटेल. अशा दाराला वरून बसणारं रिम लॉकच घ्या.

दुसरं माप सेफ्टी डोअर आणि मुख्य दार यांच्यामधल्या फटीचं. मुंबईत हेच सर्वांत जास्त वेळा विसरलं जातं. जाळीचं दार बाहेर उघडतं, लाकडी दार आत, आणि दोन्ही एकाच चौकटीवर असतील तर मध्ये जेमतेम दोन-तीन इंच जागा असते. हँडलवालं डिजिटल लॉक बाहेरच्या बाजूला सहज ६० ते ७५ मिमी पुढे येतं. दोन्ही दारं बंद करून मुख्य दाराच्या बाहेरच्या पृष्ठापासून सेफ्टी डोअरच्या आतल्या पट्टीपर्यंत अंतर मोजा. सेफ्टी डोअरचं स्वतःचं कुलूप किंवा कडी आत किती येते तेही धरा. हँडलला लागते त्यापेक्षा जागा कमी असेल तर हँडलवाली मॉडेलं विसरा आणि सपाट कीपॅडवालं रिम लॉक बघा.

तिसरं म्हणजे बॅकसेट: दाराच्या कडेपासून कुलपाच्या हँडलच्या किंवा स्पिंडलच्या (हँडल ज्यावर फिरतं त्या दांड्याच्या) मध्यापर्यंतचं अंतर. अनेक मॉर्टिस डिजिटल लॉकमध्ये ते ६० मिमी असतं. तुमच्या दाराच्या कडेची घट्ट लाकडी पट्टी त्याहून अरुंद असेल आणि मध्ये काच किंवा पातळ पॅनल असेल, तर कुलपाची बॉडी त्यात मावणार नाही. जुन्या मॉर्टिस लॉकची खाच असेल तर तिची उंची, रुंदी, खोली आणि हँडल ते चावीचं भोक हे अंतरही लिहून ठेवा. नवीन बॉडी त्याच खाचेत बसली तर उत्तम. नाही बसली तर निदान दोन खाचा एकमेकांना खेटून येणार नाहीत, एवढं नक्की बघा.

शेवटी दाराची बाजू. दाराबाहेर उभं राहा. बिजागऱ्या डावीकडे आहेत की उजवीकडे, दार आत जातं की बाहेर येतं? काही कुलपांचं हँडल आणि लॅच (दार ओढल्यावर आपोआप अडकणारी जीभ) उलटवता येतं, काहींचं नाही. सगळ्याचे फोटो काढा: दाराची कड, चौकट, वरून-खालून फट, सेफ्टी डोअरची आतली बाजू. नागदेवी किंवा लोहार चाळीच्या गल्लीतला अनुभवी दुकानदार हे फोटो बघून अर्धी मॉडेलं स्वतःच बाजूला काढतो. ऑनलाइन घेत असाल तर हे काम तुमच्याच गळ्यात पडतं.

दार पोकळ असेल तर

दारावर बोटाच्या पेराने वरपासून खालपर्यंत टकटक करा. आवाज सगळीकडे भरीव आला तर ठीक. मधला भाग पोकळ वाजत असेल तर दाराच्या आत फक्त एका ठिकाणी, कुलपासाठी म्हणून, लाकडाचा ठोकळा दिलेला असतो. तो ठोकळा सोडून दुसऱ्या उंचीवर खाच पाडली तर स्क्रू हवेत फिरतात. बिल्डरने दिलेल्या स्वस्त दारात ठोकळा एकाच कडेला असतो, त्यामुळे दाराची बाजू बदलायचा विचार असेल तर हे आधी तपासा. पोकळ मुख्य दारावर पंचवीस हजारांचं कुलूप लावण्यापेक्षा आधी भरीव दार करा. पैसा तिथे जास्त कामी येतो.

चौकटीचं तर कोणी नावच काढत नाही. कुलपाचा बोल्ट ज्या पत्र्याच्या भोकात शिरतो ती स्ट्राइक प्लेट. तिच्याबरोबर डब्यात येणारे स्क्रू बहुधा १५-२० मिमीचे असतात. ते फक्त चौकटीच्या वरच्या कातड्याला धरतात. दाराला खांदा मारला की कुलूप शाबूत राहतं आणि चौकटीची कपची निघते. उपाय स्वस्त आहे: जाड स्टीलची स्ट्राइक प्लेट आणि ७५ मिमीचे स्क्रू, जे चौकट ओलांडून भिंतीत प्लगमध्ये जातील. जुन्या इमारतींतल्या सागवानी चौकटी दणकट असतात, पण भिंतीतले होल्डफास्ट (चौकट भिंतीला धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या) गंजून सुटलेले असू शकतात. दार जोरात आपटून बघा, चौकटीच्या कडेचं प्लास्टर हललं तर आधी गवंड्याला बोलवा. चौकट पत्र्याची असेल तर बोल्टच्या जागी आत पोकळी आहे का आणि तिथे मागे पट्टी वेल्ड करावी लागेल का, ते फिटिंगवाल्याला आधीच विचारा.

बिजागऱ्यांकडेही एक नजर टाका. डिजिटल लॉक आतलं-बाहेरचं मिळून तीन-चार किलोपर्यंत जातं. तीन बिजागऱ्या हव्यातच, आणि वरच्या बिजागरीचे स्क्रू सैल असतील तर दार मोकळ्या कडेला खाली येतं, बोल्ट स्ट्राइक प्लेटला घासतो आणि दोष मात्र कुलपातल्या मोटारला दिला जातो.

कुठल्या घराला कुठलं कुलूप

रिम लॉक दाराच्या आतल्या पृष्ठावर बसतं, जुन्या नाइट लॅचसारखं. खाच पाडावी लागत नाही, दोन-तीन आरपार भोकं पुरतात. जुनं दार, पातळ दार, भाड्याचं घर यांना हे बरं. त्यातही आकड्यासारखा वळणारा बोल्ट असलेलं मॉडेल मिळालं तर ते घ्या, कारण दार आणि चौकट कटावणीने फाकवली तरी आकडा सुटत नाही.

मॉर्टिस लॉकची बॉडी दाराच्या पोटात असते, लॅच आणि डेडबोल्ट (दाबून मागे न सरकणारा भरीव बोल्ट) दोन्ही एकत्र येतात, काहींत वर-खाली जादा बोल्टही. भरीव, ३५ मिमीपेक्षा जाड दार आणि स्वतःचं घर असेल तर हाच पर्याय चांगला.

तिसरा प्रकार जुन्या कुलपाच्या आतल्या खटक्यावर बसतो आणि तो खटका मोटारने फिरवतो. बाहेरून काहीच बदललेलं दिसत नाही. भाडेकरूंना हा सोयीचा वाटतो, पण मूळ सिलिंडर (चावी जिथे शिरून फिरते तो भाग) कमजोर असेल तर सुरक्षितता तेवढीच राहते. शिवाय आतून यंत्र बसलेलं असताना बाहेरून चावी फिरते की नाही हे सिलिंडरवर अवलंबून असतं, ते आधी तपासा.

ऑफिसात दिसणारं चुंबकी लॉक घराला लावू नका. त्याचा जोर विजेवर असतो, वीज गेली की दार मोकळं. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज तासन् तास गेली होती तो दिवस आठवून बघा. बॅटरीवरच्या कुलपाला त्या दिवशी काहीच फरक पडला नसता. बंद पडला असता तो वायफाय राउटर आणि त्यावर अवलंबून असलेलं ॲप.

डिजिटल लॉक सेफ्टी डोअरवर लावावं का, असं अनेक जण विचारतात. जाळीतून हात किंवा वाकवलेली तार आतल्या खटक्यापर्यंत पोचत असेल तर मुळीच नाही. लावायचंच असेल तर कुलपाभोवती सगळ्या बाजूंनी किमान फूटभर अंतरापर्यंत जाड पत्रा हवा. नाहीतर डिजिटल लॉक मुख्य दारावर ठेवा आणि सेफ्टी डोअरला साधी कडी राहू द्या. चाळीतल्या गॅलरीत किंवा रो-हाउसला, जिथे पावसाची झड थेट दारावर येते, तिथे बाहेरच्या युनिटचं आयपी रेटिंग (धूळ-पाणी किती रोखतं ते सांगणारा आकडा) बघा. आयपी ६५ असेल तर फवाऱ्याचं पाणी झेलतं. बंद लॉबीत याची फारशी गरज नाही.

लोखंडाची परीक्षा

दुकानात डेमोच्या लाकडी तुकड्यावर कुलूप ठेवलेलं असतं. सेल्समन कीपॅडकडे बोट दाखवेल, तुम्ही बोल्टकडे बघा. डेडबोल्ट बाहेर यावा किमान २० मिमी, २५ मिमी असेल तर अधिक चांगलं. बाहेर आलेला बोल्ट अंगठ्याने मागे दाबा. तो मागे सरकला तर तो डेडबोल्ट नव्हे, नुसती स्प्रिंगची लॅच आहे, आणि प्लास्टिकची पट्टी सरकवून ती उघडता येते. काही स्वस्त डिजिटल लॉक फक्त अशा लॅचवर चालतात. दिसायला रुबाबदार, पण संध्याकाळी दार नुसतं ओढून घेतल्यासारखंच.

मग बाहेरचं हँडल जोराने खाली दाबा. बंद कुलपाचं हँडल मोकळं फिरत असेल तर आत क्लच आहे असं समजा. जोर लावून तोडण्यासारखं तिथे काही उरत नाही. हँडल ताठ राहून अडत असेल तर मोठा पान्हा लावून ते मोडता येतं आणि मोडताना आतला स्पिंडल फिरू शकतो.

आता दुकानदाराला एकच प्रश्न विचारा: बाहेरचं युनिट कोणी उचकटून काढलं आणि आतल्या वायर एकमेकींना जोडल्या तर दार उघडेल का? चांगल्या कुलपात बाहेरचा भाग फक्त आकडे आणि बोटांचे ठसे वाचून आत पाठवतो, ते बरोबर की चूक हे आतलं सर्किट ठरवतं. उत्तर देताना दुकानदार चाचरला तर कंपनीकडून लेखी मागा.

याच जातीची आणखी एक कमजोरी २०१८ मध्ये गाजली. चीनमधल्या योंगकांग शहरातल्या दरवाजांच्या प्रदर्शनात एका बाईने टेस्ला कॉइल असलेली छोटी काळी डबी जवळ नेऊन अनेक ब्रँडची स्मार्ट लॉक काही सेकंदांत उघडून दाखवली. तीव्र विद्युतचुंबकीय लहरींनी कुलपातली चिप गोंधळून रीस्टार्ट होत होती आणि काही मॉडेलं रीस्टार्ट होताना उघडत होती. म्हणून निनावी डब्यातलं, मागच्या साठ्यातलं स्वस्त कुलूप टाळा आणि या चाचणीबद्दल कंपनी काय सांगते ते विचारा.

चावीचं भोक लपवलेलं असलं तरी बहुतेक डिजिटल लॉकना ते असतंच, आणि तीच साखळीतली कच्ची कडी ठरते. पुढचं सगळं कितीही भारी असो, मागे दोन रुपयांचा सिलिंडर असेल तर चोर तिथूनच येईल. चावी हातात घेऊन बघा: एका बाजूला चार खाचा असलेली पत्र्याची चावी असेल तर सोडा, दोन्ही बाजूंना खळगे असलेली डिंपल चावी आणि ड्रिलला अडवणारी कडक पिन असलेला सिलिंडर मागा. प्रमाणपत्रांपैकी युरोपातलं ईएन १४८४६ हे विजेवर चालणाऱ्या कुलपांसाठी आहे, अमेरिकेच्या अन्सी-बीएचएमए श्रेणीत ग्रेड १ सर्वांत कडक आणि ग्रेड ३ सर्वांत सौम्य. डब्यावर नुसतं ‘इंटरनॅशनल स्टँडर्ड’ छापलेलं असेल तर ते सोडून द्या. वायफाय-ब्लूटूथ असलेल्या उपकरणाला भारतात डब्ल्यूपीसीची (दूरसंचार विभागाच्या वायरलेस शाखेची) मंजुरी लागते, तीही विचारून घ्या. आणि हो, १८९७ मध्ये लालबागला अर्देशीर गोदरेज यांनी कुलपं बनवायला घेतली तेव्हापासून ग्राहकाच्या मनात एक भोळा समज आहे, तो म्हणजे जड कुलूप तेच भक्कम. डिजिटल लॉकमध्ये वजन बऱ्याचदा बाहेरच्या जस्ताच्या मिश्रधातूच्या सजावटीत असतं, बोल्टमध्ये नसतं.

बोट, आकडे, कार्ड

फिंगरप्रिंटसाठी सेमीकंडक्टर सेन्सर मागा. जुना ऑप्टिकल सेन्सर ठशाचा नुसता फोटो घेतो आणि त्याला फसवणं त्यामानाने सोपं जातं. घरातल्या प्रत्येकाचे दोन्ही हातांचे एकेक, असे किमान दोन ठसे नोंदवा. बोट कापलं, पट्टी बांधली की मग दाराबाहेर ताटकळायला नको. आजी-आजोबांची बोटं कोरडी, ठसे झिजलेले असतात, धुण्याभांड्याचं काम करणाऱ्या मावशींचेही तसेच. यांच्यासाठी बोटावर हट्ट करू नका, सरळ कोड किंवा कार्ड द्या. फेस अनलॉक घेणार असाल तर ते इन्फ्रारेड खोली मोजणारं हवं, साधा कॅमेरा फोटोला भुलू शकतो.

कोड सहा आकड्यांचा ठेवा. चार आकड्यांच्या दहा हजार शक्यता, सहाच्या दहा लाख. फ्लॅट नंबर, गाडीचा नंबर, मुलांच्या वाढदिवसाची तारीख नको. खोटे आकडे घालायची सोय असलेलं कुलूप घ्या: आधी दोन-चार वाटेल ते आकडे, मग खरा कोड, मग पुन्हा वाटेल ते. मागे उभ्या असलेल्याला आणि लॉबीतल्या सीसीटीव्हीलाही काही कळत नाही, आणि कीपॅडवर ठराविक बटणांवरच बोटांचे डाग उरत नाहीत. पाचेक चुकीच्या प्रयत्नांनंतर कुलूप काही मिनिटं बंद व्हायलाच हवं. दुकानात मुद्दाम चुकीचे कोड टाकून हे तपासा.

कार्ड किंवा की-फॉब घेताना त्याची जात विचारा. १२५ किलोहर्ट्झचं जुनं कार्ड स्वस्त यंत्राने काही सेकंदांत कॉपी होतं. १३.५६ मेगाहर्ट्झचं मायफेअर क्लासिक थोडं बरं वाटतं, पण त्याचं कूटलेखन २००८ मध्येच नेदरलँड्समधल्या संशोधकांनी फोडलं. मायफेअर डेसफायर किंवा तत्सम नवी जात असेल तरच कार्ड चालू ठेवा, नाहीतर ती सोय सेटिंगमधून बंद करून टाका.

बॅटरी, आणि रात्री दोन वाजता दाराबाहेर

बहुतेक कुलपं चार किंवा आठ एए अल्कलाइन सेलवर चालतात. साधारण वापरात सहा महिने ते वर्ष. वायफाय सतत चालू असेल तर बरंच कमी. टीव्हीच्या रिमोटमध्ये घालतो ते स्वस्त झिंक-कार्बन सेल मोटारला लागणारा झटक्याचा प्रवाह देऊ शकत नाहीत, कुलूप अर्धवट फिरून अडकतं. चार्ज होणारे निकेल सेल १.२ व्होल्टचे, त्यामुळे कुलूप पहिल्या दिवसापासून ‘बॅटरी लो’ ओरडतं. सगळे सेल एकाच दिवशी, एकाच कंपनीचे बदला. इशारा वाजला की त्याच आठवड्यात बदला, ‘अजून उघडतंय ना’ म्हणून थांबू नका. रिकामे अल्कलाइन सेल गळतात आणि खाऱ्या-दमट हवेत संपर्काच्या पट्ट्या हिरव्या पडतात.

सेल पूर्ण संपले तर बाहेरून वीज द्यायची सोय असते, एकतर ९ व्होल्टच्या बॅटरीचे दोन ठिपके किंवा टाइप-सी पोर्ट. बाहेरून वीज दिल्याने दार उघडत नाही. कीपॅड जागं होतं, मग कोड किंवा बोट लागतंच, त्यामुळे चोराला त्याचा उपयोग नाही. पैकी टाइप-सी निवडा. ९ व्होल्टची बॅटरी रात्री दोनला कुठल्या दुकानात मिळणार? पॉवर बँक मात्र लोकलने फिरणाऱ्या निम्म्या मुंबईच्या बॅगेत असते. पण ती सोय आधीच करून बघा, कारण इथे दोन गोष्टी दगा देतात. काही कुलपांच्या पोर्टला टाइप-सी ते टाइप-सी केबलने वीजच मिळत नाही, त्यांना एका टोकाला जुना चौकोनी यूएसबी असलेली केबल लागते. आणि काही पॉवर बँका प्रवाह फार कमी दिसला की स्वतःच बंद होतात. कुलूप बसवल्याच्या दिवशी सेल काढा, दार उघडं ठेवा आणि आपल्याच केबलने, आपल्याच पॉवर बँकने बोल्ट मागे येतो का ते बघा.

चावी घरात ठेवून काय उपयोग? एक ठाण्या-डोंबिवलीच्या नातेवाइकाकडे, एक ऑफिसच्या कपाटात. पायरीवरच्या शू-रॅकमध्ये, कुंडीखाली, मीटर बॉक्सवर कधीच नाही. चोर आधी तिथेच बघतो.

ऑटो-लॉक असेल तर दाराचा सेन्सर असलेलं घ्या, म्हणजे दार खरंच बंद झाल्यावरच बोल्ट बाहेर येतो. नुसत्या टायमरवर चालणारं कुलूप उघड्या दारातच बोल्ट बाहेर काढतं आणि कोणी दार ढकललं की चौकटीची कड फुटते. सकाळी कचरा ठेवायला बाहेर आलात आणि फोन आत राहिला, अशा वेळी कोड पाठ असणं हाच आधार.

आतून मात्र दार एका झटक्यात उघडलं पाहिजे. हँडल एकदा खाली दाबलं की लॅच आणि डेडबोल्ट दोन्ही मागे यायला हवेत, ना कोड, ना चावी. धुराने भरलेल्या घरात कोणी आकडे शोधत बसणार नाही. लहान मुलांसाठी आतून लॉक करायची सोय असेल तर ती घरातल्या सगळ्या मोठ्यांना डोळे मिटून काढता आली पाहिजे.

ॲप: हवं तेवढंच

ब्लूटूथ पुरेसं असेल तर वायफाय घेऊ नका. बॅटरी वाचते आणि इंटरनेटवरून पोचायचा रस्ताही राहत नाही. गावाला गेल्यावर दार उघडायची गरज पडत असेल तर ऑफलाइन तयार होणारा एकवेळचा कोड देणारी मॉडेलं आहेत, त्यांना कुलूप नेटवर असायची गरज नाही. वायफाय घेतलंच तर ते बहुधा २.४ गिगाहर्ट्झवरच चालतं, राउटरचं दोन्ही बँडना एकच नाव असेल तर जोडताना अडचण येते. ॲपच्या खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा. फोन जवळ आला की आपोआप उघडायची सोय बंद ठेवा. मुंबईच्या फ्लॅटमध्ये हॉल आणि दार यांच्यात दहा फूट अंतर, तुम्ही सोफ्यावर असताना कुलूप ‘मालक आला’ समजून उघडू शकतं.

व्हिडिओ बेल असलेलं कुलूप घेत असाल तर कॅमेऱ्यात समोरच्या शेजाऱ्याचं दार किती येतं ते आधीच बघा. सोसायटीच्या मीटिंगमध्ये वाद याच मुद्द्यावर पेटतात. विमा असेल तर पॉलिसी काढून वाचा. घरफोडीच्या अनेक पॉलिसींत बळजबरीने शिरल्याच्या खुणा असण्याची अट असते, आणि चोरलेल्या कोडने दार उघडलं तर खूण उरत नाही. कंपनीला ईमेलवर विचारून उत्तर जपून ठेवा.

बसवण्याचा दिवस

कंपनीचा माणूस आला तरी त्याच्या डोक्याशी उभे राहा. कागदी टेम्पलेट दाराला चिकटवल्यावर उंची तपासा, जमिनीपासून साधारण एक मीटर. आरपार भोक दोन्ही बाजूंनी पाडायला सांगा, एकाच बाजूने पाडलं तर दुसरीकडचं लॅमिनेट उडतं. खाचेचं उघडं लाकूड तसंच सोडू नका, दोन हात सीलर किंवा पॉलिश आतून लावून घ्या, वाळू द्या, मग बॉडी बसवा. पावसाळ्यात दार फुगायला इथूनच सुरुवात होते. वायर बॉडीच्या आणि दाराच्या मध्ये चिमटली नाही ना, ते शेवटचे स्क्रू पिळण्याआधी बघा. स्क्रू पॉवर ड्रिलने आवळू देऊ नका. बॉडी वाकली की बोल्ट जड चालतो, मोटार कण्हते.

स्ट्राइक प्लेटची जागा ठरवायला बोल्टच्या टोकाला लिपस्टिक किंवा ओलं कुंकू लावा, दार बंद करून बोल्ट सोडा. चौकटीवर डाग उमटेल तिथेच भोक, वर-खाली दोन मिमी मोकळं ठेवून. दार आणि चौकट यांच्यात सगळीकडे एक सूत फट असावी. मे महिन्यात बरोबर बसलेलं घट्ट दार जुलैत हटकून अडतं. आधी दार उघडं ठेवून वीस वेळा बोल्ट आत-बाहेर करा, मग दार बंद करून वीस वेळा. उघड्या दारात मोटारचा आवाज हलका आणि बंद दारात जड येत असेल तर दोष जुळणीचा आहे, कुलपाचा नाही. फिटिंगवाला जायच्या आधी मास्टर कोड स्वतः बदला. डब्यावरचा १२३४५६ तसाच राहिलेली घरं कमी नाहीत. त्याने चाचणीसाठी टाकलेलं स्वतःचं बोट पुसलंय का, तेही यादीत बघा.

पहिला पाऊस पडून दोन-तीन आठवडे झाले की कुंकवाची चाचणी पुन्हा करा. वरळी, वर्सोवा, बँडस्टँड अशा समुद्राला तोंड असलेल्या घरात बाहेरचा भाग आठवड्याला कोरड्या मऊ कापडाने पुसा. काच पुसायचा स्प्रे थेट कीपॅडवर मारू नका, कापडावर घ्या. चावीच्या भोकात तेल नको, ग्रॅफाइटची पूड चालते. दिवाळीआधी रंगकाम काढलंत तर कीपॅड आणि सेन्सर मास्किंग टेपने झाका, थिनरने प्लास्टिक पांढरं पडतं.

कोड कोणाकडे आहे

प्रत्येकाला वेगळा कोड द्या, एकच कोड सगळ्यांना नको. मावशी सकाळी नऊ ते अकरा येत असतील तर त्यांचा कोड तेवढ्याच वेळापुरता चालू ठेवा, प्लंबरला एकवेळचा द्या. फॅमिली ग्रुपवर कोड टाकू नका, तो ग्रुपमध्येच राहतो. महिन्यातून एकदा नोंदी चाळा: कोणाच्या कोडने, किती वाजता दार उघडलं. काम सोडून गेलेल्यांचे कोड त्याच दिवशी पुसा.

लिव्ह अँड लायसन्सवर घर देत असाल तर कुलपाचं मालकी खाते तुमच्या नावावर ठेवा आणि भाडेकरूला त्याच्या मुदतीपुरता वापरकर्ता म्हणून जोडा. भाडेकरू तुम्ही असाल तर दाराला भोक पाडण्याआधी मालकाची लेखी परवानगी घ्या, आणि जुनं कुलूप फेकू नका, घर सोडताना तेच पुन्हा बसवावं लागेल. घर विकताना किंवा भाडेकरू बदलताना फॅक्टरी रीसेट करा, ॲपमधून कुलूप काढून टाका आणि शेवटी जुना कोड, जुनं बोट आणि जुनं कार्ड तिन्ही एकेकदा लावून बघा. एकाने जरी बोल्ट हलला तर रीसेट झालेलं नाही.